इंजिनाची ओरल : वॉरंटी नाकारली तर काय करायचं?

रात्री साडेनऊनंतर आमच्या होस्टेलच्या जिन्यात गर्दी असते. रेंज तिथेच येते, त्यामुळे सगळ्यांचे घरचे फोन तिथेच चालतात. गेल्या पावसाळ्यात, सबमिशनच्या आठवड्यात, मला तिथे बाबांचा फोन आला. "गाडी खंबाटकीत बंद पडली. टो करून वर्कशॉपला नेली. इंजिनाचं काम निघालंय म्हणतात."

मी म्हटलं, "मग काय झालं? वॉरंटी आहे ना!"

बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वॉरंटीत बसत नाही म्हणतात. एक लाख बासष्ट हजारांचं एस्टिमेट दिलंय."

गाडी घेऊन दोन वर्षं आणि चार महिने झाले होते, धावली होती सेहेचाळीस हजार किलोमीटर. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी पूर्ण होईल ते. एक लाख बासष्ट हजार ही रक्कम आमच्या घरात एकाच ठिकाणी होती, धाकट्या बहिणीच्या प्रवेशासाठी बाजूला काढलेली. बाबा जवळजवळ तयार झाले होते. "मोठ्या कंपनीशी कोण भांडणार? पैसे भरू आणि मोकळे होऊ," असं त्यांचं म्हणणं.

मैत्रिणींनो, मी यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आय.सी. इंजिन्सच्या ओरलला एक्स्टर्नलनी मला "हेड गॅस्केट कशासाठी असतं?" असं विचारलं होतं आणि मी धडाधड उत्तर दिलं होतं. पण घरच्याच गाडीचं हेड गॅस्केट जाईपर्यंत त्या उत्तराचा उपयोग काय, हे कळलं नव्हतं. त्या दोन महिन्यांत आम्ही जे शिकलो ते इथे लिहिते आहे. आज ना उद्या प्रत्येकीच्या घरी गाडी, फ्रिज नाहीतर लॅपटॉप वॉरंटीत बिघडणार आहे. आपल्या सर-मॅडमनाही हे उपयोगी पडेल अशी आशा आहे. कंपनीचं आणि वर्कशॉपचं नाव इथे देत नाही. प्रश्न एका कंपनीचा नाहीच.

वॉरंटी म्हणजे नेमकं काय?

वॉरंटी ही कंपनीची मेहेरबानी नाही. गाडीच्या किमतीतच तिचे पैसे आपण दिलेले असतात. ते एक लेखी वचन आहे : ठरलेल्या मुदतीत साहित्यातल्या किंवा बनावटीतल्या दोषामुळे एखादा भाग निकामी झाला, तर तो फुकट दुरुस्त करू किंवा बदलून देऊ. वचनाला अपवाद असतात. झिजणारे भाग (ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर), अपघात, भेसळीचं इंधन, निष्काळजीपणा, पुराचं पाणी हे बहुतेक पुस्तिकांमध्ये वगळलेले असतात.

म्हणून पहिलं काम म्हणजे डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेली ती वॉरंटी पुस्तिका बाहेर काढून शेवटपर्यंत वाचणं. आमच्या घरी ती अजून प्लास्टिकमध्येच होती! वाचल्यावर लक्षात आलं, की वर्कशॉपवाल्यांनी तोंडी सांगितलेल्या दोन कारणांपैकी एक कारण पुस्तिकेत त्या शब्दांत नव्हतंच.

ती दोन कारणं अशी होती :

१. "तुम्ही गाडी साठलेल्या पाण्यातून घातलीत. इंजिनानं पाणी ओढलं. ऑइल दुधासारखं झालंय बघा."

२. "तिसरी सर्व्हिसिंग तुम्ही बाहेरच्या गॅरेजमध्ये केलीत. वॉरंटी तिथेच संपली."

आता ही कारणं म्हणजे ओरलचे प्रश्न समजा आणि उत्तरं द्या.

प्रश्न पहिला : पाणी आलं कुठून?

ऑइल दुधट झालं म्हणजे त्यात पाणी मिसळलं, इतकं खरं. पण इंजिनात पाणी शिरायला दोन वाटा आहेत, आणि नकार खरा की खोटा हे त्या वाटेवर ठरतं.

पहिली वाट बाहेरची. गाडी खोल पाण्यातून गेली, एअर इनटेकमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना मध्येच अडतो आणि सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. रॉड वाकतो, कधी तुटतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. हे झालं असेल तर एअर फिल्टर भिजलेला किंवा चिखलाचे डाग पडलेला सापडतो, इनटेक पाइपात ओल असते, आणि बहुधा एखादा तरी रॉड वाकलेला असतो.

दुसरी वाट आतली. सिलिंडर हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये हेड गॅस्केट असतं. ज्वलनाचा वायू, ऑइल आणि कूलंट यांना एकमेकांत मिसळू न देणं हे त्याचं काम. ते फुटलं, की कूलंट ऑइलमध्ये जातं. कूलंट कमी झालं की इंजिन तापतं. ऑइल पातळ आणि दुधट झालं की क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवरचा ऑइलचा थर टिकत नाही, धातूवर धातू घासतो, खडखड आवाज येतो आणि शेवटी इंजिन जाम होतं. यात एअर फिल्टर कोरडा असतो, रॉड सरळ असतात, कूलंटची टाकी मात्र रिकामी झालेली असते.

दोन्हींत ऑइल दुधटच दिसतं. मग फरक कसा करायचा? उत्तर रसायनशास्त्रात आहे. पावसाच्या पाण्यात ग्लायकॉल नसतं. कूलंटमध्ये असतं, कारण बहुतेक कूलंट म्हणजे पाणी, इथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी द्रव्यं यांचं मिश्रण. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासला आणि त्यात ग्लायकॉल सापडलं, तर आत आलेलं पाणी रस्त्यावरचं नव्हे, गाडीच्या स्वतःच्या कूलिंग सिस्टिममधलं आहे हे सांगता येतं. तपासणीचा खर्च एस्टिमेटच्या मानाने किरकोळ असतो.

बाबांना मी फोनवर एवढंच विचारलं, "एअर फिल्टर बघितलात का?" ते म्हणाले, "कोरडा होता. धूळ होती त्याच्यावर." तेव्हाच मला वाटलं, की आपल्याकडे मुद्दा आहे.

पण इथे आपणही प्रामाणिक राहायला हवं. गॅस्केट गेलं असं सिद्ध झालं, तरी कंपनी पुढचा प्रश्न विचारणारच : "तापमानाचा लाल दिवा लागल्यावरही तुम्ही गाडी चालवत राहिलात का?" चालवत राहिला असाल, तर त्यापुढचं नुकसान तुमच्या अंगावर येऊ शकतं. हल्लीच्या गाड्यांच्या ई.सी.यू.मध्ये बिघाडाचे कोड आणि त्या क्षणाचं तापमान, वेग वगैरे नोंदी राहतात. हा पुरावा दोन्ही बाजूंनी कापतो. बाबांनी दिवा लागताच घाटात गाडी कडेला घेतली होती. म्हणून आम्ही स्वतःच त्या नोंदींची छापील प्रत मागितली.

प्रश्न दुसरा : बाहेरच्या गॅरेजमुळे वॉरंटी गेली का?

तिसरी सर्व्हिसिंग बाबांनी गावातल्या गॅरेजमध्ये केली होती, वेळेवर, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल घालून. सुदैवाने बिल होतं. त्यावर ऑइलचा ग्रेड, फिल्टर आणि किलोमीटर लिहिलेले होते.

या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा एक महत्त्वाचा आदेश आहे. चौदा कार कंपन्यांनी सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली नाही, म्हणून आयोगाने त्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. त्याच आदेशात असंही सांगितलं, की बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी. या आदेशावर पुढे अपिलं झाली, त्यामुळे सगळा भार एकट्या या आदेशावर टाकू नये. पण त्यामागचा तर्क साधा आहे आणि तो कुठेही मांडता येतो : ऑइल बदलण्याच्या त्या कामाचा आणि या बिघाडाचा संबंध काय, तो दाखवा. ऑइल बदलल्याने हेड गॅस्केट फुटत नाही.

उलट, बाहेर सर्व्हिसिंग केली आणि बिलच घेतलं नाही, तर आपली बाजू लंगडी पडते. पन्नास रुपये वाचवायला "बिल नको" म्हणणाऱ्या सर्वांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

पुरावा : इंजिन उघडण्याआधी

आमची सगळ्यात मोठी चूक इथेच होणार होती. वर्कशॉपने "इंजिन खोलायला सही करा" म्हटलं आणि बाबा सही करणार होते. सही म्हणजे बहुतेक वेळा एस्टिमेटला मंजुरी असते. शिवाय इंजिन एकदा खोलून, धुऊन, नवे भाग घालून बंद केलं, की पुरावा संपला. जर्नल हरवल्यावर "मी प्रॅक्टिकल केलं होतं" म्हणण्यासारखंच ते.

म्हणून :

– तोंडी नकार स्वीकारू नका. नकार कारणासह लेखी मागा. देत नसतील, तर आपणच ई-मेल करा : "आज अमुक वाजता आपण अमुक कारणाने वॉरंटी नाकारल्याचे सांगितले. हे चुकीचे असल्यास कळवावे." असा मेल पुढे फार उपयोगी पडतो.

– सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा : "फक्त तपासणीसाठी परवानगी. दुरुस्तीच्या खर्चास मान्यता नाही. हक्क राखून."

– इंजिन खोलताना हजर राहा. एअर फिल्टर, इनटेक पाइप, डिपस्टिक, कूलंटची टाकी, गॅस्केट, रॉड, बेअरिंग या सगळ्यांचे तारखेसह फोटो आणि व्हिडिओ घ्या.

– ऑइलचे दोन नमुने दोन स्वच्छ बाटल्यांत भरून सील करा, दोन्हींवर दोघांच्या सह्या. एक तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे. एकाच बाटलीवर कोणाचाच विश्वास बसत नाही.

– काढलेले भाग टाकून देऊ नयेत, अशी लेखी सूचना द्या.

– टोइंगची पावती, जॉब कार्ड, सर्व्हिसिंगची सगळी बिलं, गाडीचं मूळ बिल, वॉरंटी पुस्तिका हे सगळं एका फायलीत तारखेनुसार लावा.

कायदा काय सांगतो?

ग्राहक चळवळीचं आणि पुण्याचं नातं जुनं आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यातूनच ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. म्हणूनच तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात. त्या कायद्याची जागा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने घेतली आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. जुना 'ग्राहक मंच' आता 'जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग' झाला आहे.

आपल्या कामाचे मुद्दे हे :

ग्राहक कोण? किंमत देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा. नफ्याच्या धंद्यासाठी घेतलेली वस्तू यात बसत नाही. पण स्वतःचं पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू बसते. म्हणजे स्वतः टॅक्सी चालवून घर चालवणारा माणूस ग्राहक ठरू शकतो. होस्टेलवाल्यांना आवडेल असा एक निकाल सांगते. मुंबईच्या लीलावती रुग्णालयाच्या ट्रस्टने परिचारिकांना राहण्यासाठी सदनिका घेतल्या होत्या. हा व्यापारी हेतू आहे, असं राष्ट्रीय आयोगाचं मत पडलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं, की परिचारिकांच्या निवासाचा नफा कमावण्याशी थेट संबंध नाही, म्हणून ट्रस्ट ग्राहकच आहे.

तक्रार कशाची? तीन शब्द लक्षात ठेवा. वस्तूत खोट असेल तर 'दोष', सेवेत कमतरता असेल तर 'त्रुटी', आणि वॉरंटीबद्दल दिशाभूल केली असेल तर 'अनुचित व्यापारी प्रथा'. गॅस्केट फुटणं हा दोष. तपासणी न करता नकार देणं ही त्रुटी. नव्या कायद्यात 'उत्पादन दायित्व' असं एक वेगळं प्रकरण आहे, पण ते सदोष वस्तूमुळे माणसाला किंवा दुसऱ्या मालमत्तेला इजा झाली तर वापरायचं. खुद्द इंजिन बिघडलं, तर त्यासाठी नव्हे.

कुठे? गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात. ही मर्यादा डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ठरली. नव्या कायद्याचा मोठा फायदा असा, की तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस चेन्नईत असो की गुरगावात, बाबांना सातारा सोडायची गरज नव्हती.

फी किती? पाच लाखांपर्यंत काहीच नाही. पाच ते दहा लाखांपर्यंत २०० रुपये, दहा ते वीस लाखांपर्यंत ४०० रुपये, वीस ते पन्नास लाखांपर्यंत १,००० रुपये. आमच्या गाडीला २०० रुपये पडले असते. म्हणजे आपल्या मेसच्या दोन-तीन दिवसांच्या जेवणाइतके!

मुदत? तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. उशिराचं सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्या भरवशावर राहू नये.

वकील लागतो का? सक्तीचा नाही. स्वतः बाजू मांडता येते, किंवा नोंदणीकृत ग्राहक संघटनेची मदत घेता येते.

प्रयोगशाळा : दोष तपासणीशिवाय कळणार नसेल, तर आयोग नमुना सील करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. कायद्याने अशा तक्रारीचा निकाल शक्यतो पाच महिन्यांत, आणि तपासणी नको असेल तर तीन महिन्यांत लागावा. प्रत्यक्षात तारखा पडतात आणि वेळ लागतो. हे आधीच माहीत असलेलं बरं.

कंपनीचं उत्तर : नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस, वर जास्तीत जास्त १५. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं, की ४५ दिवसांपलीकडे आयोग एक दिवसही वाढवून देऊ शकत नाही.

न्यायालयांनी काय म्हटलं आहे?

पहिला निकाल आपल्या महाराष्ट्रातल्या कंपनीचा. प्रीमियर ऑटोमोबाइल्स म्हणजे वालचंद हिराचंद यांनी उभी केलेली, कुर्ल्याच्या कारखान्याची आणि मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीची कंपनी. तिच्या ११८ एन.ई. डिझेल गाडीत एका ग्राहकाला दोष आढळले. तज्ज्ञ आयुक्ताने गाडी तपासून अहवाल दिला. तरी कंपनी आणि विक्रेता दोष नाकारतच राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००४ मध्ये न्यायालयाने दोघांनाही जबाबदार धरलं आणि सदोष गाडी नवी कोरी म्हणून विकणं लाजिरवाणं आहे, अशा शब्दांत सुनावलं. धडा : तज्ज्ञाचा अहवाल हा या लढाईचा कणा आहे.

दुसरा निकाल आपल्या अपेक्षांना लगाम घालणारा. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल, तर त्या जोरावर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. म्हणून गॅस्केट गेलं की "नवी गाडी द्या" अशी मागणी करू नका. जे वचन दिलंय तेच ठामपणे मागा.

तिसरा निकाल गोव्यातला. २०११ मध्ये नवी म्हणून विकलेली गाडी २००९ ची निघाली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये टाटा मोटर्सला त्यातून मोकळं केलं, कारण विक्रेत्याच्या कृत्याची कंपनीला माहिती होती असं तक्रारीत नीट मांडलेलंच नव्हतं. विक्रेत्याची जबाबदारी मात्र कायम राहिली. धडा : कंपनी आणि विक्रेता दोघांनाही सामनेवाले करा, आणि कोणी काय केलं ते वेगवेगळं लिहा.

चौथा निकाल आपल्या शाखेच्या मुलींनी भिंतीवर लावावा असा. ह्युंदाईच्या एका गाडीच्या अपघातात एअरबॅग उघडल्याच नाहीत. धडक पुरेशी जोराची नव्हती, असा बचाव कंपनीने केला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की वेग आणि बल यांच्या सिद्धांतांवरून धडकेचा जोर मोजायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो. बाबा तज्ज्ञ नाहीत. पण त्यांच्या घरात एक तिसऱ्या वर्षाची मुलगी आहे, म्हणजे तज्ज्ञ होण्याच्या वाटेवरची तरी!

एक सावधगिरी. सेवेतली त्रुटी सिद्ध करण्याची पहिली जबाबदारी तक्रारदाराचीच असते. "मी ग्राहक आहे, म्हणून मी खरा" एवढं पुरत नाही. म्हणूनच वर पुराव्यावर इतकं लिहिलं.

पायऱ्या कोणत्या?

१. विक्रेत्याला लेखी तक्रार, प्रत कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला. त्यात फक्त तथ्यं, तारखा आणि मागणी. राग नको.

२. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : १९१५. इथे निवाडा होत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत पोचते आणि तिचा क्रमांक मिळतो. पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात.

३. स्पीड पोस्टाने नोटीस, पंधरा दिवसांच्या मुदतीची. कायद्याने ती सक्तीची नाही, पण आपण संधी दिली होती हे दिसतं.

४. आयोगात तक्रार. मजकूर, प्रतिज्ञापत्र, कागदपत्रांची यादी आणि प्रती. ऑनलाइनही दाखल करता येते. त्यासाठी जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' हे पोर्टल सुरू झालं आहे. मागण्या स्पष्ट लिहा : वॉरंटीत दुरुस्ती, टोइंगचा खर्च, त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. पुरावा नष्ट होईल अशी भीती असेल, तर अंतरिम आदेशही मागता येतो.

५. निकाल विरुद्ध गेला, तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील. कंपनीला अपील करायचं असेल, तर आदेशातल्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश पाळला नाही, तर तुरुंगवासापर्यंत शिक्षेची तरतूद आहे.

आमचं काय झालं?

आम्ही तिसऱ्या पायरीपर्यंत गेलो. तालुक्यातल्या ग्राहक चळवळीतल्या एका जुन्या काकांनी नोटिशीचा मजकूर तपासून दिला. माझ्या मसुद्यातली विशेषणं त्यांनी लाल पेनने खोडली. "मुली, 'निर्लज्ज' हा शब्द काढ आणि 'एअर फिल्टर कोरडा होता' हे वाक्य पहिल्या परिच्छेदात आण," असं म्हणाले. आपल्या गाइड मॅडम प्रोजेक्ट रिपोर्टवर नेमकं हेच सांगतात!

नोटिशीसोबत ऑइलचा तपासणी अहवाल जोडला. त्यात ग्लायकॉल सापडलं होतं. नवव्या दिवशी कंपनीचा विभागीय इंजिनिअर आला. बाबांच्या समोर पुन्हा तपासणी झाली. रॉड सरळ होते. गॅस्केट दोन सिलिंडरच्या मधल्या भागात, ऑइलच्या वाटेजवळ फुटलेलं होतं. आणखी बारा दिवसांनी पत्र आलं : "ग्राहकाच्या समाधानासाठी विशेष बाब म्हणून" दुरुस्ती वॉरंटीत करण्यात येत आहे. चूक झाली असं पत्रात कुठेही नव्हतं. टोइंगचे आणि तपासणीचे मिळून साडेसात हजार त्यांनी दिले नाहीत. मी म्हटलं, "आयोगात जाऊ." बाबा म्हणाले, "तुझी परीक्षा आहे. राहू दे." त्यावर आमचं अजून एकमत नाही. दोन वर्षांची मुदत संपलेली नाही, एवढं मी त्यांना अधूनमधून सांगत असते.

बहिणीचा प्रवेश झाला. ते पैसे त्याच कामाला लागले.

कर्वेनगरला ज्यांचं नाव आहे त्या अण्णासाहेब कर्व्यांनी मुलींच्या शिक्षणासाठी इथे, तेव्हाच्या हिंगण्याच्या माळावर, काम उभं केलं. शिकलेल्या मुलीचा घराला उपयोग काय, असं तेव्हा लोक विचारत. आमच्या घरी आता तसं कोणी विचारत नाही. उलट परवा शेजारच्या काकूंचा फोन आला होता. त्यांचा फ्रिज वॉरंटीत बिघडलाय, आणि "कॉम्प्रेसर म्हणजे काय गं?" असं त्या विचारत होत्या.

मी आधी विचारलं, "काकू, बिल आहे ना?"

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी